न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि आमच्या वर्गातील प्रश्न

इतिहास आणि नागरिकशास्त्र हे दोन विषय शाळेत बहुधा एकाच शिक्षकाच्या वाट्याला येतात. प्रस्तुत लेखकाच्याही वाट्याला ते आले आहेत. या विषयांचा एक गमतीचा अनुभव असा की, पुस्तकातील अवघड प्रश्न विद्यार्थी कधी विचारीत नाहीत, ते विचारतात अगदी साधे प्रश्न. सरकार म्हणजे नेमके कोण? न्यायाधीशाला कोण नेमतो? कॉर्पोरेशन, कौन्सिल आणि काँग्रेस या तिन्ही ठिकाणी माणसे बसून भाषणेच करतात, मग त्यांत फरक तो कोणता? राज्य जर इंग्रजांचे होते, तर हायकोर्टात हिंदी माणूस न्यायाधीश कसा झाला? आणि शेवटी, कोणी तरी खालच्या मानेने विचारतोच, आपल्या लोकांनी त्या काळात काय केले?

या प्रश्नांची उत्तरे व्याख्या सांगून देता येतात. मी सुरुवातीची काही वर्षे तशीच दिली. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या लक्षात राहत नसत. पुढे ध्यानात आले की एकाच माणसाचे चरित्र नीट सांगितले तर यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप निघतात, कारण हा माणूस कॉर्पोरेशनमध्ये होता, कौन्सिलात होता, काँग्रेसचा अध्यक्ष होता, हायकोर्टाचा न्यायमूर्ती होता, आणि आपल्या समाजाच्या शाळेसाठी दारोदार फिरणाराही होता. ते म्हणजे मरहूम न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

आधी माझी एक चूक कबूल करतो. एकदा नववीच्या वर्गात मी बेधडक सांगून टाकले की तय्यबजींनी लोकमान्य टिळकांना सोडून दिले. मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि तिने विचारले की सोडून दिले, तर मग टिळक त्याच वर्षी तुरुंगात कसे गेले? प्रश्न बिनतोड होता. मी उद्या सांगतो म्हणून वेळ मारून नेली, आणि त्या रात्री पुस्तके उघडून बसलो. हा लेख त्या रात्रीपासून सुरू झाला असे म्हटले तरी चालेल.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यबअली भाईमियाँ हे सुलेमानी बोहरा जमातीतील व्यापारी, घराणे मूळचे खंबायतचे. त्या काळी इंग्रजी शिकणे म्हणजे दीन बिघडवणे अशी आपल्या बहुसंख्य लोकांची समजूत होती. अशा वेळी या व्यापाऱ्याने आपल्या मुलांना शिक्षणासाठी विलायतेस पाठविले! थोरले बंधू कमरुद्दीन १८५८ साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. ती सनद मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पालक मंडळींनी येथे क्षणभर थांबून तय्यबअलींचा विचार करावा. मुलाचे नाव इतिहासात येते, बापाचे एका ओळीत संपते, पण पहिले धाडस बापाचे होते.

लहानपणी मदरशात उर्दू-फारसी झाल्यावर बद्रुद्दीन एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. डोळ्यांचे दुखणे लहानपणापासूनच होते. उपचारांसाठी त्यांना फ्रान्सला नेले होते, आणि १८६० साली सोळाव्या वर्षी ते इंग्लंडला शिकण्यास गेले. लंडनची मॅट्रिक १८६३ साली झाली, मिडल टेंपलमध्ये कायद्याचा अभ्यास सुरू झाला, आणि डोळ्यांनी पुन्हा दगा दिला. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. पुढल्या वर्षी ते पुन्हा गेले आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. आजारपणामुळे ज्यांचे वर्ष बुडते आणि घरी बसण्याची लाज वाटते, अशा विद्यार्थ्यांना मी ही तारीख मुद्दाम लिहून घ्यायला लावतो.

मुंबईचे हायकोर्ट १८६२ साली स्थापन झाले होते. तेथे बॅरिस्टर सगळे गोरे. बद्रुद्दीन डिसेंबर १८६७ मध्ये परत आले ते या कोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून. येथे मुले विचारतात की सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांत फरक काय. सॉलिसिटर पक्षकाराला भेटतो, कागदपत्रे तयार करतो. बॅरिस्टर ते कागद हाती घेऊन न्यायाधीशांपुढे उभा राहतो. म्हणजे सॉलिसिटरने काम दिले नाही तर बॅरिस्टरने नुसता झगा घालून बसावे. नवख्या हिंदी बॅरिस्टरला काम मिळणे किती कठीण असेल, हे यावरून समजावे. तरी काही वर्षांतच त्यांचा जम बसला. उलटतपासणीत आणि ज्यूरीपुढच्या भाषणात त्यांचा हातखंडा होता.

आता कॉर्पोरेशन. १८७२ च्या कायद्याने मुंबईत ६४ सभासदांची म्युनिसिपल कॉर्पोरेशन आली. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडावयाचे. १६ जस्टिसेस ऑफ द पीस यांनी निवडावयाचे आणि १६ सरकारने नेमावयाचे. १८७३ मध्ये तय्यबजी तेथे निवडून आले. पाणी, गटारे, रस्ते, दिवे हे कॉर्पोरेशनचे काम, तेव्हाही आणि आजही. फरक आहे तो मताच्या हक्काचा. तेव्हा ठराविक कर भरणाऱ्यालाच मत होते, गरिबाला नव्हते. आज मुंबईच्या महानगरपालिकेत २२७ नगरसेवकांच्या जागा आहेत आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, मतदार यादीत नाव असलेल्या कोणालाही मत देता येते. त्याने किती कर भरला हे कोणी विचारीत नाही.

कौन्सिल ही निराळी चीज. १८८२ साली सरकारने तय्यबजींना मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात नेमले. नेमले हा शब्द महत्त्वाचा आहे, निवडले नव्हे. १८६१ च्या कायद्याप्रमाणे गव्हर्नर आपल्या मर्जीने काही बिनसरकारी सभासद घेई. त्यांनी कायद्याच्या मसुद्यावर बोलावे, पण सरकारला प्रश्न विचारण्याची किंवा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची सोय नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने थोडीबहुत आली. आज विधानसभेत मंत्र्यांची तारांबळ उडविणारे प्रश्न आपण वर्तमानपत्रात वाचतो, तो प्रश्नाचा हक्क एवढ्या सायासाने मिळालेला आहे. प्रकृती बरी नसल्याने तय्यबजींनी १८८६ मध्ये ही जागा सोडली.

दरम्यान १८८३ साल उजाडले होते. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत इल्बर्ट साहेबांनी एक विधेयक मांडले. त्याचा अर्थ एवढाच की जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपीचा खटला चालविता यावा. यावर गोऱ्या लोकांनी इतका गहजब केला की सरकारने माघार घेतली, आणि युरोपियन आरोपीला निम्मे युरोपियन असलेली ज्यूरी मागण्याची मुभा दिली. एप्रिल १८८३ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये विधेयकाच्या पाठिंब्यासाठी मोठी सभा झाली. बोलणारे तिघे होते: फिरोजशहा मेहता, काशीनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान, आणि तिघेही कायदेपंडित. १८८५ च्या जानेवारीत या त्रिकुटाने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली, आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा पाहुण्यांची व्यवस्था या असोसिएशननेच पाहिली.

त्या अधिवेशनाला ७२ प्रतिनिधी होते आणि त्यांत मुसलमान अवघे दोन. दोघे बंधू, बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन, त्या दिवसांत कामानिमित्त खंबायतला गेलेले होते. त्यांच्या गैरहजेरीचा भलताच अर्थ लावला गेला. मुसलमान काँग्रेसपासून दूर राहिले अशी हाकाटी झाली, आणि बद्रुद्दीन यांना तसे नाही हे सांगावे लागले.

काँग्रेस आणि कौन्सिल यांतला फरक येथे सांगून टाकतो. कौन्सिल हे सरकारचे अंग. तेथे कायदे होत. काँग्रेस ही लोकांनी आपणहून भरविलेली सभा. तिला कायदा करण्याचा काडीइतकाही अधिकार नव्हता. ती ठराव करी आणि सरकारकडे मागणी करी. कौन्सिलात निवडलेले सभासद असावेत, सनदी नोकरीची परीक्षा लंडनप्रमाणे हिंदुस्थानातही व्हावी, अशा तिच्या मागण्या होत्या.

तिसरे अधिवेशन डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला भरले. प्रतिनिधी ६०७, आणि अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष. आपल्या भाषणात त्यांनी सांगितले की सर्व देशाला लागू असणाऱ्या सामाईक प्रश्नांवर मुसलमानांनी इतर देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावून काम का करू नये, हे आपल्याला समजत नाही. ज्या आठवड्यात मद्रासला हे भाषण झाले, त्याच आठवड्यात लखनौला सर सय्यद अहमद खान यांचे भाषण झाले, आणि ते काँग्रेसच्या स्पष्ट विरोधात होते.

येथे वर्गात नेहमी शांतता पसरते. दोघांनाही आम्ही थोर म्हणून शिकवितो. एकाने अलीगढचे कॉलेज उभे केले, दुसऱ्याने मुंबईच्या अंजुमनचा भार वाहिला. मग बरोबर कोण?

सर सय्यद यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. परीक्षेने नोकऱ्या आणि मतांनी जागा मिळू लागल्या, तर जो समाज शिक्षणात मागे आणि संख्येने कमी आहे त्याच्या हाती काय लागणार, अशी त्यांची धास्ती होती. तय्यबजींना हे मागासलेपण दिसत नव्हते असे नाही. त्यांचे निम्मे आयुष्य त्यावरच्या इलाजात गेले. पण इलाज दूर बसण्यात नाही, शिकण्यात आहे, आणि जे मुसलमानांना गैर वाटते त्याला काँग्रेसच्या आत राहून विरोध करावा, असे त्यांचे मत होते. १८८८ साली दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. भाषा अदबीची होती, मतभेद मात्र मिटला नाही. कलकत्त्याचे सय्यद अमीर अली यांनी मुसलमानांची निराळी परिषद भरविण्याचा घाट घातला, तेव्हाही तय्यबजींनी त्यांना नम्रपणे नकार कळविला.

आता जी गोष्ट सांगतो ती शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. ऑक्टोबर १८८८ मध्ये तय्यबजींनी काँग्रेसचे सरचिटणीस ह्यूम साहेब यांना पत्र लिहिले. समाजातील बरेच लोक विरोधात आहेत हे उघड दिसत असताना दरवर्षी अधिवेशन भरवून भांडण वाढविण्यापेक्षा निदान पाच वर्षे अधिवेशने तहकूब ठेवावीत, असे त्यांनी सुचविले. ही सूचना मान्य झाली नाही. कोणी याला कच खाणे म्हणेल. मला स्वतःला तसे वाटत नाही, परंतु ती सूचना चुकीची होती असे मात्र वाटते. पाच वर्षे बंद पडलेली सभा पुन्हा उभी राहिली असती याची हमी काय? त्यांचा दुसरा विचार अधिक शहाणपणाचा होता, आणि तो टिकला. एखाद्या विषयावर हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी किंवा जवळजवळ एकमुखी विरोध असेल, तर तो विषय काँग्रेसने चर्चेस घेऊ नये, असा नियम त्यांच्या प्रयत्नाने १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात मंजूर झाला. बहुमत म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक असते. बहुमताला मर्यादा का लागते, हे या नियमावरून मुलांना चटकन समजते. आज तेच काम आपल्या राज्यघटनेतील मूलभूत हक्क करतात.

अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था मुंबईत १८७४ साली निघाली. बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन दोघेही तिच्या संस्थापकांत होते. शाळा सुरू झाली १८८० मध्ये. धार्मिक शिक्षण हवेच, पण इंग्रजी, गणित, शास्त्र यांशिवाय आपल्या मुलाला कोर्टात, कचेरीत, गोदीत कोणी उभे करणार नाही, हा त्यांचा आग्रह. बोरीबंदर स्टेशनासमोरची अंजुमनची भव्य इमारत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती १८९३ मध्ये उघडली. आधी चिटणीस आणि मग अध्यक्ष म्हणून त्यांनी अखेरपर्यंत हे काम केले. वर्गणीसाठी पत्रे लिहिणे, सरकारी अनुदानाचा पाठपुरावा करणे, ही कामे किती कंटाळवाणी असतात हे ज्यांनी अशी संस्था चालविली आहे त्यांना सांगावयास नको.

जून १८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. या कोर्टातील पहिले मुसलमान न्यायमूर्ती. त्या वेळी न्यायमूर्तींची नेमणूक इंग्लंडच्या राणीच्या नावाने होई, आणि राणीची मर्जी असेतोवर ती टिके. आज राष्ट्रपती नेमणूक करतात, हायकोर्टाचे न्यायाधीश वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत काम करतात, आणि त्यांना काढावयाचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. सरकारला निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीश घरी जात नाही, त्याचे कारण हे.

न्यायमूर्ती झाल्यावर त्यांनी राजकारण बाजूला ठेवले. १८९६ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन मुंबईत आले, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनंतर ते तय्यबजींना भेटले. तय्यबजींनी सहानुभूती दाखविली, पण न्यायासनावर असल्याने आपल्याला सभेत भाग घेता येणार नाही असे सांगून फिरोजशहा मेहतांकडे वाट दाखविली. मुलांना हे प्रथम भित्रेपणाचे वाटते. मी त्यांना पुढच्या वर्षीची गोष्ट ऐका म्हणतो.

१८९७. पुण्यात प्लेगचा कहर आणि प्लेग-बंदोबस्ताचा जाच. २२ जूनच्या रात्री रँड आणि आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोरी वर्तमानपत्रे खवळली. केसरीतील मजकुराबद्दल २७ जुलैला टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपावरून, म्हणजे पीनल कोडच्या १२४ अ कलमाखाली, पकडण्यात आले. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात अर्ज गेला, तो न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे. त्यांनीही त्या वेळी नाकारला. पुढे खटला सेशन्सकडे पाठविला गेल्यावर टिळकांतर्फे बॅरिस्टर दावर यांनी पुन्हा अर्ज केला. तो आला तय्यबजींपुढे, आणि त्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जामीन मंजूर केला.

टिळक आणि तय्यबजी यांचे जमत होते असे कोणी समजू नये. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांचा कडवा विरोध, तय्यबजी सुधारकांच्या बाजूचे. १८९३ च्या मुंबईतील दंग्यानंतर टिळकांचे राजकारण मुसलमानांना रुचण्यासारखे नव्हते. शिवाय सरकारी वर्तुळात टिळकांविषयी केवढा संताप होता! पण न्यायमूर्तीपुढे प्रश्न टिळक कसे आहेत हा नव्हता. जामीन म्हणजे सुटका नव्हे, निर्दोष ठरविणे तर नव्हेच. खटल्याच्या दिवशी आरोपी हजर राहील याची ती हमी. तो हजर राहणार असेल, तर गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच त्याला कोठडीत का डांबावे, आणि बचावाची तयारी त्याने कशी करावी? तय्यबजींनी एवढेच पाहिले.

खटला चालला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे. ज्यूरीत नऊ जण. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी पंचांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मागच्या बाकावरील त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी हे सर्व सांगितले, आणि चूक माझी होती हेही सांगितले. तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला: जामीन मागणारे दावर पुढे काय झाले? याचे उत्तर मी रात्रीच वाचले होते म्हणून वाचलो. तेच दावर पुढे न्यायमूर्ती झाले, आणि १९०८ च्या खटल्यात त्यांनी टिळकांना जामीन नाकारला व सहा वर्षांची शिक्षा दिली. वर्ग हे ऐकून अवाक झाला. राजद्रोहाचे ते कलम मात्र पुष्कळ वर्षे जगले. पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हा ते त्या क्रमांकाने आणि त्या नावाने गेले. देशाच्या ऐक्याला व सार्वभौमत्वाला धोका पोहोचविण्याबद्दल नव्या संहितेत १५२ वे कलम आहे, आणि ते जुन्यापेक्षा किती निराळे यावर कायदेपंडितांत वाद चालू आहे.

पुढे काही काळ तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायाधीशही होते. १९०३ साली मुंबईत भरलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे ते अध्यक्ष होते. म्हणजे सर सय्यद यांनी स्थापलेल्या परिषदेच्याच खुर्चीवर, त्यांच्या पश्चात, तय्यबजी बसले! तेथे त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा कैवार घेतला, आणि पडद्याची जी कडक चाल पडली आहे ती धर्माच्या आज्ञेपलीकडची आहे असे आपले मत सांगितले. सभेत पुष्कळांना ते झोंबले. पण ते नुसते बोलणारे नव्हते. आपल्या सर्व मुलींना त्यांनी शिकविले, आणि १९०४ मध्ये दोन मुलींना इंग्लंडच्या शाळेत पाठविले. या ठिकाणी मला पालकांशी थोडे बोलावयाचे आहे. दरवर्षी आठवीनंतर पटावरील किती मुलींची नावे कमी होतात ते आम्ही शिक्षक पाहतो. घरची अडचण, अंतर, लग्न, कारणे सगळी खरी असतात. त्या मागच्या बाकावरील मुलीचे नावही दहावीच्या पटावर येणार नव्हते. तिच्या वडिलांना भेटावयास मी गेलो, तेव्हा उपदेश केला नाही, फक्त तिने वर्गात विचारलेले ते दोन प्रश्न सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. जूनमध्ये ती शाळेत आली.

रजा घेऊन तय्यबजी इंग्लंडला गेले होते. तेथेच लंडनमध्ये १९ ऑगस्ट १९०६ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पुढे सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, आगाखानांच्या नेतृत्वाखाली मुसलमान पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉयकडे गेले. डिसेंबरात ढाक्याला मुस्लिम लीग निघाली. १९०९ च्या कायद्याने विभक्त मतदारसंघ आले. तय्यबजी आणखी पाच वर्षे जगते तर त्यांनी काय केले असते, हाही प्रश्न त्या मुलीने विचारला होता. त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी तिला एवढेच सांगितले की त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी हे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात, गांधीजींना अटक झाल्यावर, वयाच्या शहात्तराव्या वर्षी धारासण्याच्या वाटेवर सत्याग्रहींच्या पुढे चालत निघाले आणि पकडले गेले.